चौगुले सेक्रेटरी आणि विस्कॉन्सिनचं एक मत

चौगुले सेक्रेटरींची इंटरनेटवरची कॉमेंट ओळखायला नाव वाचावं लागत नाही. बाकीचं जग कॉमेंट टाकतं ते पान खाऊन पिंक टाकल्यासारखं. सेक्रेटरींच्या कॉमेंटला आधी 'विषय' असतो, त्याखाली 'संदर्भ' असतो, मग 'महोदय', मग 'वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की', आणि शेवटी 'आपला विश्वासू, दि. बा. चौगुले, सेक्रेटरी (निवृत्त)'. हे सगळं ते मराठीत लिहितात, फोन त्याचं इंग्रजी करतो आणि ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, कुठल्याशा लहान गावच्या रेडिओच्या पानावर जाऊन पडतं. वर एकजण दुसऱ्याच्या आईचा उद्धार करत असतो, खाली दुसरा पहिल्याच्या बापाचा. मधोमध आमचे सेक्रेटरी महोदयांना कळवत असतात.

सेक्रेटरी म्हणजे वडगावजवळच्या एका गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. तीस वर्षं त्यांनी पहाटे आणि संध्याकाळी सभासदांचं दूध मोजलं, ज्यावर दुधाचा दर ठरतो ती फॅट दशांश पॉइंटापर्यंत काढली आणि रजिस्टरला नोंद केली. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली. मुलानं म्हैस विकली, घराला कुलूप घातलं आणि वडिलांना इथे कळंब्याला आपल्या घरी आणलं. ते घर आमच्या घराला लागून, मध्ये कमरेइतकी भिंत. मुलगा-सून सकाळीच नोकरीला जातात. सेक्रेटरी, एक खुर्ची आणि एक फोन, असे तिघे दिवसभर भिंतीपलीकडे असतात.

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतले लोक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत, प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी ठरतात आणि ते मत देतात, हा एक धडा मी बावीस वर्षं शिकवते आहे. फळ्यावर नकाशे काढले, बाण काढले, घसा बसवून घेतला. मुलं माना डोलवायची आणि पेपरात भलतंच लिहायची. एकदा भिंतीशी उभी राहून मी ही रड सेक्रेटरींना सांगितली.

"म्याडम, त्यात काय अवघड हाय?" ते म्हणाले. "त्यो ठराव हाय की! गावात चारशे माणसं संस्थेला दूध घालत्यात. पर जिल्ह्याच्या संघाची निवडणूक लागली की मत कुणाचं? संस्थेनं ज्याच्या नावानं ठराव केला त्याचं. पेन्सिल्व्हेनिया ही एक संस्था समजा. तिचं ठराव एकोणीस."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं. दोन मिनिटांत अख्ख्या वर्गाला अमेरिका कळली. पाठीमागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "म्याडम, मग मतदानापत्तुर त्या ठराववाल्यांना सहलीला कुठं नेत्यात?"

हे काही पुस्तकात नव्हतं. मी घरी येऊन सेक्रेटरींना विचारलं.

"ह्योच प्रश्न मी तिकडं टाकलाय," ते गंभीरपणे म्हणाले आणि फोन पुढे केला. 'विषय: निवडून येणाऱ्या प्रतिनिधींच्या सहलीबाबत. आमच्या भागात मतदार फुटू नयेत यासाठी त्यांना मतदानाच्या दिवसापर्यंत एकत्रितपणे, शक्यतो थंड हवेच्या ठिकाणी, ठेवण्याचा प्रघात आहे. आपणाकडील व्यवस्था कळवावी.' खाली अमेरिकन लोकांची ही झुंबड. निम्म्यांना तो अपहरणाचा कट वाटला होता. उरलेल्यांना कल्पना चांगली वाटली होती.

त्या दिवसापासून मी सेक्रेटरींपुढे राज्यशास्त्राची पदवी मिरवायचं सोडलं. उमेदवारांची जाहीर वादचर्चा आपल्याकडे सकाळी साडेसहाला दिसायची. सेक्रेटरी अंघोळ करून, टोपी घालून बसायचे आणि भिंतीवरून हाक मारायचे, "म्याडम, या की. कोरम हुईना!" मी चहाचे दोन कप घेऊन गेले की कोरम व्हायचा. उमेदवार पाल्हाळ लावू लागला की म्हणायचे, "इचारलंय काय आणि ह्यो मागल्या सभेचं इतिवृत्त वाचालाय." एका पक्षाचं चिन्ह गाढव आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं असं चिन्ह मिळालं असतं तर उमेदवारानं गाव सोडलं असतं," म्हणाले. "छाती पायजे बघा."

"पण सेक्रेटरी, तुम्ही कुठल्या पॅनेलचे?"

"सेक्रेटरीला पॅनेल नसतंय. सभासद असत्यात."

आणि खरोखरच, त्या साऱ्या प्रचारात त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. मतदार यादी, मतमोजणी, केंद्रं, वेळा, एवढ्यावरच त्यांचं लक्ष. विस्कॉन्सिनच का, तर "दुधाचं राज्य हाय." तिथले तालुके त्यांना तोंडपाठ. कुठं गाई किती, कुठल्या भागात मतदान उशिरा मोजतात, हे ऐकताना माझा चहा निवायचा.

त्याच पानावर मार्थाबाई होत्या. त्या गावातल्याच, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर गाई राखलेल्या. सेक्रेटरींची पहिली कॉमेंट बघून त्यांनी लिहिलं होतं, 'हा कोण माणूस? आमच्या निवडणुकीत याचं काय काम?' सेक्रेटरींनी उलट टपाली कळवलं: 'मी आपला सभासद नाही, हे मान्य. निरीक्षक समजावे.' बाईंना काय वाटलं देव जाणे, पण तिथून पुढे त्या रोज यांच्या कॉमेंटखाली काहीतरी खडूस लिहू लागल्या आणि हे रोज त्यांना सविनय उत्तर देऊ लागले. भांडणाला म्हैस आणि गाय हा विषय मिळाल्यावर तर विचारूच नका.

सप्टेंबरात एका सकाळी सेक्रेटरी अनवाणीच आमच्या दारात आले. डोक्यावर टोपी नव्हती.

"म्याडम, एक सभासद मतदानाला येत न्हाई म्हणालीया."

मार्थाबाईंनी लिहिलं होतं की यंदा त्या मत देणार नाहीत. नवरा दोन वर्षांमागे गेला. वसंतात गाई विकल्या. मतदान केंद्र म्हणजे गावचा टाउन हॉल, आणि तिकडे जाणारा रस्ता त्यांच्या रिकाम्या गोठ्यावरून जातो. गाई गेल्यापासून त्या रस्त्यानं त्या गेलेल्याच नाहीत, वाणसामान शेजारीण आणून देते. 'कुणीही निवडून आलं,' शेवटी लिहिलं होतं, 'तरी सकाळी धार काढायला मला कुणी बोलावणार नाही.'

मी म्हटलं, "अहो सेक्रेटरी, कोट्यवधी लोक मत देतात तिकडे. एक बाई गेली नाही तर काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच दुधात पाणी घालताना सापडले होते.

"कोट्यवधी नसत्यात म्याडम. एक-एक असत्यात."

गावच्या संस्थेच्या निवडणुकीत त्यांनी तीस वर्षांत एकही सभासद घरी बसू दिला नव्हता. पाय मोडलेल्याला बाजल्यावर घालून आणलं होतं. बायकोशी भांडून वाड्यावस्तीला जाऊन बसलेल्याला समजूत घालून आणलं होतं, मत झाल्यावर परत तिथंच नेऊन सोडलं होतं. तो माणूस आता हजारो मैलांवरच्या एका बाईला घराबाहेर काढायला निघाला.

'विषय: मतदानास उपस्थित राहणेबाबत. स्मरणपत्र क्र. १.' त्याला उत्तर आलं, 'नाही.' दुसऱ्याला, 'नाही.' तिसऱ्याला उत्तरच नाही. पाचव्याला आलं, 'नाही. पण तुमच्या म्हशी किती होत्या?' 'एक. परंतु दोन्ही वेळेस वक्तशीर,' असं सहाव्या स्मरणपत्रात कळवण्यात आलं. रेडिओच्या पानावर एव्हाना बाकीचे लोकही वाट बघायला लागले होते. एकमेकांचे आईबाप काढणारे ते दोघेसुद्धा सातव्या पत्राखाली 'जा की, मार्था' असं म्हणून गेले. मी हे डोळ्यांनी वाचलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

आठव्याला बाईंचं लांब उत्तर आलं. 'पत्रं लिहिणं सोपं आहे. रिकाम्या गोठ्यावरून जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही.'

त्या दिवशी सेक्रेटरींनी काहीच लिहिलं नाही. फोन उपडा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नववं पत्र गेलं: 'गोठ्यावरून जाताना तिकडे बघू नये. रस्त्याकडे बघावे. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.'

"हे तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"अंदाज हाय," ते म्हणाले आणि भिंतीवरचा कप उचलून आत गेले.

तिथली मतदानाची वेळ संपायची ती आपल्याकडे सकाळी साडेसातला. सात वाजता सेक्रेटरी भिंतीशी उभे होते. अकरा स्मरणपत्रं झाली होती, शेवटच्याला उत्तर नव्हतं. सव्वासात झाले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "त्या कुणाला मत देतील हो?"

"ते इचारायचं नसतंय," त्यांनी मला दटावलं.

सात वीसला फोन वाजला. शब्द एकही नव्हता, नुसता फोटो. जाड कोट घातलेली म्हातारी, छातीवर मत दिल्याचा स्टिकर वाकडा लावलेला, चेहरा भांडायला निघाल्यासारखा. सेक्रेटरींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पण चेहऱ्याकडचा नव्हे. बाईंच्या पाठीमागे संध्याकाळच्या अंधारात मोठं लाल दार होतं. गोठ्यापुढेच उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला होता.

"कोरम झाला," सेक्रेटरी एवढंच म्हणाले. मग धोतराच्या सोग्यानं फोनची काच पुसली, डोळेही पुसले. मी दिवसभर टीव्हीसमोर निकाल बघत बसले. हाक मारली तर म्हणाले, "लागंल की त्यो. तुमी बघून सांगा."

दोन दिवसांनी मार्थाबाईंचं पत्र आलं, तेही सेक्रेटरींच्याच नमुन्यात. 'विषय: आपल्या स्वतःच्या मतदानाबाबत. संदर्भ: आपली अकरा स्मरणपत्रे. महोदय, आपल्या राज्यातही याच महिन्यात निवडणूक असल्याचे वाचनात आले. आपण किती वाजता जाणार, कळवावे.'

सेक्रेटरींनी फोन माझ्या हातात दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांचं नाव अजून गावच्याच यादीत होतं. उन्हाळ्यातल्या लोकसभेला ते गेलेच नव्हते, गुडघे दुखतात म्हणाले होते. मुलगा गाडी काढून उभा होता तरी. घराला कुलूप लावल्यापासून त्यांनी गावात पाऊलच टाकलं नव्हतं.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"बरं हाईत आता," ते खाली बघून म्हणाले.

विधानसभेला मला ड्यूटी आली नव्हती, हेही एक आश्चर्यच. मुलगा सोडायला तयार होता, पण सेक्रेटरी म्हणाले, म्याडमच्या स्कूटीवरनं जातो. शाळेतल्या केंद्रावर रांगेतली माणसं ओरडली, "सेक्रेटरी आलं! आरं, वाट द्या!" त्यांनी वाट घेतली नाही, रांगेतच उभे राहिले. मत देऊन बाहेर आले, बोटाची शाई निरखत माझ्या मागे बसले. परतीचा रस्ता त्यांच्या घरावरून जात होता. मला ते आधी माहीत नव्हतं, पण खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला तेव्हा कळलं. आरशात बघितलं तर ते मान वळवून रस्त्याकडे बघत होते.

"थांबा वाईच," थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले.

मी स्कूटी वळवून मागे आणली. घराला कुलूप होतं, गोठ्याला नव्हतं. आत एक खुंटा, दाव्यानं घासून गुळगुळीत झालेला. सेक्रेटरी त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आमची मंडळी सत्तेचाळीस नंबरची सभासद," ते म्हणाले. "रोज दोन टायमाला किटली घिऊन रांगंत उभी ऱ्हायाची. फॅट काढणारा मी. एकदा म्हणाली, अवं, घरचं माणूस हाय, एक पॉइंट तर जादा लावा, कुणाला कळतंय? मी म्हटलं, रजिस्टरला कळतंय. तीस वर्सं न्हाई लावला."

त्यांनी खुंट्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"लावाय पायजे हुता म्याडम. एकच तर पॉइंट मागिटला हुता."

मग त्यांनी टोपी नीट केली, शाईचं बोट वर धरलं आणि मला गोठ्यापुढे फोटो काढायला लावला. त्या संध्याकाळी पत्र गेलं: 'आपल्या पत्रास अनुसरून कार्यवाही पूर्ण. फोटो सोबत जोडला आहे. गोठ्याकडे बघितले. बघावे, असे आता वाटते. आपल्या गाईंच्या दुधाला फॅट किती लागत होती, तेही कळवावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा उत्तर आलेलं होतं. मार्थाबाईंनी सगळ्या गाईंची नावं लिहिली होती आणि शेवटी आकडा: तीन पॉइंट आठ. सेक्रेटरींनी एक कोरी वही काढली. नीट समास आखला. 'मार्थाबाई, विस्कॉन्सिन' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात, ठळक अक्षरात, ३.९.

"सेक्रेटरी," मी म्हटलं, "बाईंनी तीन पॉइंट आठ कळवलंय."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले, आणि शाई वाळावी म्हणून त्या आकड्यावर हळूच फुंकर घातली.