न्यूझीलंडकरांची पंगत

पाळक शांतवन साळवी भास्कर बेहेऱ्यांकडे फक्त एक शिट्टी मागायला आले होते. मे महिन्यात मिशनच्या बंगल्यावर न्यूझीलंडहून तरुण मुलांची तुकडी येणार होती. सकाळी प्रार्थना आणि गाणी, संध्याकाळी रत्नागिरीच्या खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूत गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल, असं शिबिर ठरलं होतं. बाकी सगळं सामान होतं, शिट्टी तेवढी नव्हती. भास्कररावांकडे ती होती, कारण कॉलेजात ते व्हॉलीबॉलच्या टीममध्ये होते (राखीव खेळाडू म्हणून, आणि तेही मुख्यतः इतरांच्या चपला सांभाळायला). शिट्टी द्यायची आणि दार लावून घ्यायचं, एवढंच काम होतं. पण भास्कररावांनी शिट्टी दिली आणि तिच्यामागोमाग स्वतःलाही देऊन टाकलं.

"रत्नागिरीची टीम कोण बसवतंय?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही, असं कळल्यावर म्हणाले, "मग मी आहे ना."

अशा रीतीने कचेरीत हेडक्लार्कच्या वर कधी न चढलेल्या या गृहस्थांना एका दिवसात दोन पदं मिळाली. शिबिराचे स्थानिक मदतनीस तेच आणि रत्नागिरीच्या टीमचे कोचही तेच. टीमचा कप्तान महिपत होडीवर काम करणारा, बाकीचे सुट्टीला मुंबईहून आलेले चाकरमानी. सगळे तगडे, सगळे उत्साही, आणि सगळे रोज हरत होते. न्यूझीलंडचा कप्तान डेव्हिड उडी न मारताच जाळीवरून पलीकडे बघत असे. "जाळ्यात मासा घावतो वो, ह्यो बॉल नाय घावत," असं महिपत म्हणायचा, आणि कोचसाहेब त्याला मनोधैर्यावर व्याख्यान द्यायचे.

खरा त्रास कचेरीत होता. सखाराम शिपाई सकाळी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवताना एकच शब्द बोलायचा, "काल?" भास्करराव उत्तराऐवजी पाणी पिऊन टाकायचे. शिबिराच्या शेवटच्या रविवारी कपाची मॅच होती आणि पाळकसाहेबांनी सारं गाव बोलावलं होतं. कचेरी तर बायकापोरांसह येणार होती. ही मॅच हरलो तर रिटायर होईपर्यंत तो एक शब्द ऐकावा लागणार, हे भास्कररावांना स्वच्छ दिसत होतं.

आणि अशा वेळी त्यांनी रविवारी दुपारी न्यूझीलंडच्या सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं. (यात डाव नव्हता, हे शपथेवर सांगायला हवं. डाव सुचण्याइतकी अक्कल असती तर त्यांची टीम एकदा तरी जिंकली असती.) पाहुणे सोमवारी जाणार होते, आणि परदेशी माणसं रत्नागिरीत येऊन हॉटेलातला पाव खाऊन परत जातात हे त्यांच्या पत्नी कमलाबाईंना सहन होत नव्हतं. बाईंनी शनिवारीच पुरण शिजवून घेतलं.

तिकडे मिशनच्या बंगल्यावरही तयारी चालली होती. टीमबरोबर आलेल्या मार्गारेटबाईंनी मुलांना बजावून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या घरी वाढलेलं टाकणं हा त्या घराचा अपमान आहे, तेव्हा शेवटचं शीतही मागे राहता कामा नये. मुलं गुणी होती. त्यांनी ते मनावर घेतलं.

आता आपल्याकडे पाहुण्याचं पान रिकामं दिसलं तर काय करतात, हे वाचकांना सांगायला नको.

केळीच्या पानांसमोर, पाटांवर, गुडघे कानांपर्यंत घेऊन ती सहा दांडगी मुलं बसली. पुरणपोळी आली आणि संपली. कमलाबाईंनी दुसरी वाढली, तीही संपली. आमरसाच्या वाट्या रिकाम्या झाल्या, भरल्या, परत रिकाम्या झाल्या. पोरं हसून 'नो, थँक यू' म्हणायची.

"काय म्हणतायत?" कमलाबाईंनी विचारलं.

"लाजतायत. तू वाढ," भास्कररावांनी भाषांतर केलं.

जन्मात कुठल्या पाहुण्याचं पहिलं 'नको' कमलाबाईंनी खरं मानलं नव्हतं. दुसरं आणि तिसरंही नाही. खरं पोट भरलेला माणूस पानात काहीतरी ठेवतो, पानावर आडवा होतो, घरच्या देवाची शपथ घालतो. यांतलं काहीच इथे होत नव्हतं. पानं तर पुसल्यासारखी लख्ख होती. "मेली उपाशी ठेवलीत की काय त्या बंगल्यावर," असं पुटपुटत त्यांनी मसालेभाताचं पातेलं आणलं. डेव्हिडला घाम फुटला होता. मार्गारेटबाईंनी भास्कररावांना हळूच विचारलं, तुमच्याकडे जेवण साधारण किती वेळ चालतं? भास्कररावांनी त्यांना दिलासा दिला की वेळेची अजिबात काळजी करू नका, अजून नारळीभात यायचाय.

भास्करराव स्वतः जेवले नव्हते. यजमानानं पाहुण्यांच्या नंतर बसायचं, ही घरची रीत. वाढता वाढता त्यांना पुरणाचा वास येत होता आणि फार अभिमान वाटत होता.

उठताना मार्गारेटबाईंनी कमलाबाईंचा हात हातात घेतला आणि प्रांजळपणे सांगितलं की आमच्यात पानात टाकत नाहीत, आणि आमच्यात नको म्हणजे नकोच असतं. भास्कररावांनी त्याचंही भाषांतर करायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावर त्यांना अर्थ कळला. त्यांनी ओटीवर पाहिलं. न्यूझीलंडची टीम तिथे ओळीनं आडवी पडून घोरत होती. मॅचला तासभर उरला होता.

भास्करराव दोन पावलं ओटीकडे गेले आणि दोन पावलं मागे आले. मदतनीस बेहेरे म्हणत होते, उठवा. कोच बेहेरे म्हणत होते, निजली आहेत तर निजू देत. दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं असताना कमलाबाई आल्या. त्यांनी राहिलेलं भाषांतर करायला लावलं, ते नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"पाहुणे आहेत ते आपले," त्या म्हणाल्या. "असं निजवून जिंकलात तर मला त्या मैदानावर तोंड दाखवायचं नाही. उठवा. मी आल्याचा रस आणि ओवा देत्ये."

भास्कररावांना त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि त्यांनी एकेकाला खांद्याला धरून उठवलं. प्रत्येकाला आल्याचा रस पाजला, ओवा चावायला दिला आणि पूल ओलांडून भाट्यापर्यंत चालत नेलं. वाटेत मुलं ढेकर देत होती आणि लगेच एकमेकांची माफी मागत होती.

पहिला गेम म्हणजे खेळ नव्हताच. डेव्हिड बॉलकडे फक्त बघायचा. महिपतनं मारावं आणि बॉल तिकडे पडावा. रत्नागिरीनं तो गेम घेतला तेव्हा सखारामनं आपल्या टोपीनं वारा घेतला आणि भास्कररावांकडे आदरानं पाहिलं. पण दुसऱ्या गेमला आल्याचा रस कामाला लागला. न्यूझीलंडकरांना घाम आला, पाय हलले, उड्या सुरू झाल्या, आणि त्यांनी दुसरा गेम धुऊन नेला. तिसरा गेम सुरू झाला तेव्हा पलीकडे नेहमीची टीम होती, जागी आणि चिडलेली.

भास्कररावांना भुकेनं अंधारी येत होती, पण ते ओरडत होते. बरोबरी, पुढे, परत बरोबरी. शेवटी डेव्हिडनं उंचावरून हाणलेला बॉल महिपतनं वाळूत लोळून उचलला, मागच्या पोरानं वर दिला, आणि महिपत तसाच उठून, वाळूनं माखलेला, उडाला. बॉल डेव्हिडच्या हातांमधून गेला आणि रेघेच्या आत पडला. मग सगळं भाट्ये मैदानात उतरलं. डेव्हिडनं महिपतला उचलून खांद्यावर घेतलं. भास्करराव उभ्या जागी रडले, आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. महिपत वरूनच ओरडला, "भास्करभाव, आमी जागत्या मानसांना हरवलंव!"

पाळकसाहेब कप घेऊन उभे राहिले. म्हणाले, दोन्ही कप्तानांनी मिळून ठरवलंय की हा कप एकाच व्यक्तीला द्यायचा. इतक्या दिवसांत आमच्या पाहुण्यांना रोखायला कुणालाच जमलं नव्हतं, ते बेहेऱ्यांच्या घरात झालं. भास्कररावांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि पुढे पाऊल टाकलं.

"कमलाबाई," पाळकसाहेब म्हणाले.

टाळ्या फार वेळ चालल्या. गळ्यात शिट्टी होती म्हणून भास्कररावांनी तीही वाजवली.

घरी आल्यावर कमलाबाईंनी कपात आमसुलं भरून तो फडताळात ठेवला. पातेली मात्र चाटूनपुसून साफ होती. पुरण नाही, रस नाही, मसालेभाताचा दाणा नाही. विजयी कोचच्या पानात गुरगुट्या भात आणि लोणचं पडलं. ते त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. पान लख्ख झालं.

"थोडा उरलाय. वाढू?" कमलाबाईंनी विचारलं.

"छे, नको, पुरे," भास्करराव जन्माच्या सवयीनं म्हणाले आणि पान थोडं पुढे सरकवलं.

"बरं," कमलाबाई म्हणाल्या, आणि उरलेला भात त्यांच्या डोळ्यांदेखत मांजराला घातला.