आधी आंघोळ, मग फळ

सगुणाआत्या कुणाला "कसा हाईस?" असं विचारत नाही. अंगणात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न येतो, "कुठं पडली?" नवखा माणूस बिचारा "कोण पडली?" म्हणून मागे वळून बघतो. आम्हा जाणत्यांना ठाऊक असतं की प्रश्न पालीचा आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. महाडजवळ सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथून हाकेच्या अंतरावर तिचं घर. अंगावर पाल पडली तर कुठल्या अवयवावर पडल्याचं काय फळ, याचा एक तक्ता जुन्या पंचांगात असतो. आमच्या पंचक्रोशीत त्या तक्त्यावर शेवटचा शब्द आत्याचा. मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा आमचं कितपत पटत असेल ते वेगळं सांगायला नको. ती मला नावाने हाक मारत नाही, "मास्तर" म्हणते, आणि त्यात आदर फारसा नसतो.

तिची पद्धत ठरलेली. पाल पडलेला माणूस धापा टाकत आला की ती हात वर करून त्याला गप्प करते. "आधी आंघोळ, मग फळ." कुंडावर जाऊन यायचं, ओल्या डोक्याने ओटीवर बसायचं, मग आत्या बोलणार. मुंबईहून फोनवर फळ विचारणाऱ्यांनाही यात सूट नाही. एकाने विचारलं, गिझरच्या पाण्याने केली तर चालेल का?

"चालंल," आत्या म्हणाली, "पन फळ बी तसंच मिळंल. बटन बंद केलं की गार."

फळ सांगताना मात्र ती हात राखत नाही. उजव्या खांद्यावर पडली तर विजय, पायावर पडली तर प्रवास, आणि काहीही असलं तरी शेवटी, "आनि घरचं मानूस येईल." हे शेपूट कधी चुकत नाही. इथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच उजळतो. गंमत म्हणजे माणूस येतोही. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, मी कारण शोधून काढलं. फळ ऐकून घरी गेलेली मंडळी आधी मुंबईला फोन लावतात, "आत्यानं सांगितलंय, तू येनार हाईस." मग तो बापडा भिडेखातर शनिवारची एसटी धरतो. हा शोध मी आत्याला मोठ्या ऐटीत ऐकवला.

"मग फळ खोटं ठरलं का?" तिने विचारलं. मी चहा पिऊन घरी आलो.

तिचा स्वतःचा मुलगा सुधीर मात्र चार वर्षांत आलेला नाही. नालासोपाऱ्याला माझ्याकडे राहायला चल, म्हणाला. ही नाही म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. "मग राहा तुझ्या पालींबरोबर," असं म्हणून तो निघाला, आणि "ऱ्हाईन. तू येऊ नको," असं ही ओटीवरून म्हणाली. तेव्हापासून दोघांपैकी कुणी फोन करत नाही. मी एकदा मध्यस्थी करायला गेलो तर "पोरानं आधी करायचा," एवढंच उत्तर मिळालं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिनंच सांगितलंय येऊ नको." दोघं एकाच मातीची.

आणि नशीब बघा, अख्ख्या गावाला फळ सांगणाऱ्या या बाईच्या अंगावर आजवर एकही पाल पडली नव्हती. दिवेलागणीला ती ओटीवरचा बल्ब लावायची, किडे जमायचे, किड्यांमागे पाली जमायच्या, आणि ही आपली चटई नेमकी त्यांच्या खाली ओढून तांदूळ निवडत बसायची. मी म्हणायचो, "आत्या, काठीने पाड की एखादी."

"पाडून घेतली की फळ लागत नाय."

मला वाटायचं, आहे आपला एक चाळा.

अशात गावात इग्वाना आले, म्हणजे घोरपडीएवढे वाढणारे परदेशी सरडे. एका मुंबईकर कुटुंबाने हौसेने काचेच्या पेटीत दोन हिरवी पिल्लं पाळली होती. ती वाढता वाढता सोफ्यावर मावेनात, सोसायटीने तक्रार केली, तेव्हा शिमग्याला गावी येताना ती जोडी सोबत आणून कुंडाजवळच्या झाडीत सोडून दिली. तिथली माती बारा महिने कोमट. अंडी उबायला आणखी काय हवं? दोनाचे किती झाले ते कुणी मोजलं नाही, पण जास्वंदी भुंड्या झाल्या, वालाचे वेल बोडके झाले आणि गणपतीला फूल महाडच्या बाजारातून आणायची पाळी आली. कुणी घोरपड समजून काठी घेऊन धावलं, कुणी हळदकुंकू वाहिलं, पोरांनी फोटो काढले. हा प्राणी परदेशचा, इथे त्याला आवरणारं कुणी नाही, वेळीच बंदोबस्त करा, असं मी वर्गातही सांगितलं आणि ग्रामसभेतही. दोन्हीकडे सारखंच लक्ष दिलं गेलं.

मग एका थंडीच्या सकाळी सरपंच आंब्याखाली उभे राहून "ह्या परक्या जनावराला हाकललंच पायजे," असं म्हणत असताना वरून एक इग्वाना सुटला आणि थेट त्यांच्या अंगावर आला. गारठ्याने या प्राण्याचे हातपाय आखडतात, असं मी समजावत होतो, पण तोवर सभा सरपंचांना घेऊन आत्याकडे निघाली होती.

आंघोळ झाली. पेच असा, की जनावराचं डोकं उजव्या खांद्यावर, धड मानेवर आणि शेपूट डाव्या खांद्यावरून पार कमरेपर्यंत. आत्याने डोळे मिटून विचार केला.

"डोकं जिथं, तितलं फळ. शेपूट काय, मागनं येतंच." म्हणजे विजय. "आनि घरचं मानूस येईल."

"आत्या, पण ही पाल नव्हे," मी म्हणालो. "पंचांगात हिचा विचारच केलेला नाही."

"सवच्या मातीत उबली नं? मग झाली सवची."

सरपंचांचा भाऊ त्याच आठवड्यात परळहून आला. पुढच्या सभेत सरपंचांचा आवाज बराच खाली आला होता.

तरी वनखात्याला पत्र गेलंच, आणि गेल्या महिन्यात त्यांची माणसं जाळी आणि पोती घेऊन आली. मारणार नव्हते, धरून नेणार होते. ओळख पटवायला म्हणून मी बरोबर होतो. आत्याच्या अंगणातल्या फणसावर सगळ्यात मोठा बसला होता. एकाने बांबू उचलला. आत्या खाली झाडत होती. "बाजूला हो," असं मी दोनदा म्हटलं. तिने ऐकलं नाही. झाडून झालेली जागाच ती पुन्हा झाडत होती.

इग्वाना सुटला तो तिच्या डोक्यावर पडला, तिथून घसरून जमिनीवर, आणि तिथून पोत्यात. केरसुणी हातात तशीच धरून आत्या उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "ही आपसूक पडली का पाडली?"

बांबू अजून फांदीला टेकलेला होता.

"आपसूक," मी म्हणालो.

"आमी हलवलंच नाय," बांबूवाला म्हणाला. देव त्याचं भलं करो.

आत्या कुंडावर जाऊन आली. ओल्या केसांनी ओटीवर बसली आणि लाल फडक्यात बांधलेलं पंचांग माझ्यापुढे सरकवलं. "आपलं फळ आपन सांगायचं नसतं. तू वाच."

मी तक्ता काढला. मस्तक: कलह. पुढे काही नाही. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. विजय होता, प्रवास होता, धनलाभ होता, भयही होतं. घरचं माणूस येईल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते ती पदरचं घालत होती, सगळ्या गावासाठी. मला स्वतःच्या त्या शोधाची लाज वाटली. तिच्या केसांचं पाणी खांद्यावर ठिबकत होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"घरचं माणूस येईल," मी वाचलं.

आत्या चौथीपर्यंत शिकली आहे. तो तक्ता तिला तोंडपाठ आहे.

"तसं लिवलंय?"

"लिहिलंय."

तिने पंचांग माझ्या हातून घेतलं, न बघता फडक्यात बांधलं आणि चहा टाकायला म्हणून आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

मी फणसाखाली जाऊन सुधीरला फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"सुधीर, आत्याच्या अंगावर पाल पडली."

त्याने विचारलं, "कुठं पडली?"

"डोक्यावर."

त्याच ओटीवर वाढलेला मुलगा तो.

"आंघोळ केली का तिनं?"

"केली," मी म्हणालो. "आता फळाची वाट बघतेय."