बेल हळू दाबावी

टिच्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. त्याच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात जागच्या जागी थांबला. आवाज भिंतीकडून आला होता, बाळाच्या पलंगाशेजारच्या विजेच्या बोर्डाकडून. आठवड्यातली ही कितवी वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. किती वाजले हे बघायची सवयसुद्धा बाळ झाल्यापासून सुटली होती. ते जागं झालं की सकाळ, एवढंच तिचं वेळापत्रक.

नवऱ्याला सांगून झालं होतं. तो म्हणाला होता, जुनं घर आहे, बोलणारच. सासूबाईंनी आधी बोर्डाकडे, मग सुनेच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि झोप झाली नाही की कानात असलं काहीबाही वाजतं, असं निदान केलं. पण बाळाचा हात आता कठड्यातून बाहेर यायला लागला होता, आणि बोर्ड तिथून वीतभर अंतरावर होता.

त्या दुपारी तिनं कोपऱ्यावरच्या वायरमनला फोन लावला. त्यानं डॉक्टरनं खोकल्याची चौकशी करावी तशी विचारपूस केली.

"आवाज कोरडा की चरचरीत?"

"कोरडा."

"जळका वास?"

"नाही."

"चारला येतो. सगळ्या घराची तपासणी करू. मी येईपर्यंत मेन बंद ठेवा, ताई."

तिनं मेन बंद केला. पंखा थांबला, बाळ उठलं. सासूबाई थोरल्या नातीच्या चित्रकलेच्या वहीनं वारा घालत बसल्या आणि वारा घालता घालता त्यांनी सुनेच्या कानांबद्दलचं आपलं मत पुन्हा एकदा मांडलं. तासभर आळवल्यावर बाळ झोपलं. चार उलटले, पाच उलटले, वायरमन आला नाही. फोन करावा तर चार्जिंग संपून फोन बंद, आणि चार्जिंगला लावावा तर मेन बंद. संध्याकाळी नवरा आला, त्यानं फ्रिजमधलं नासलेलं दूध पाहिलं आणि एक अक्षर न बोलता मेन चालू केला. एक अक्षर न बोलण्यात त्याचा हातखंडा होता.

फोनमध्ये धुगधुगी आल्यावर तिनं वायरमनला विचारलं. तो म्हणाला, आलो होतो, घरात कोणी नव्हतं. ती म्हणाली, आम्ही सगळे घरातच होतो. समोरचं माणूस खोटं बोलतंय हे दोघांनाही कळलं, पण दोघंही सभ्य असल्यामुळे उद्या चारची वेळ ठरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद मेन, जागं बाळ, चित्रकलेची वही. संध्याकाळी दाराखालून सरकवलेली चिठ्ठी सापडली. 'आलो होतो. घर बंद.'

सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. "दारापर्यंत येतो, वाकून चिठ्ठी सारतो, पण बेल दाबायला ह्याचं बोट झिजतं."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं एखाद्या माणसाबद्दल एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी, बाळ कसंबसं झोपल्यावर, ती दाराशी पहाऱ्याला बसायला निघाली. साडेचार वर्षांची थोरली नेहमीसारखी खिडकीपाशी स्टुलावर होती. ती कुजबुजली, "काका आले."

"कुठले काका?"

"रोज येतात ते. बघ, बेल दाबतायत."

"मग वाजत का नाही?"

थोरलीनं आईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मेन बंद आहे ना."

"अगं, मग तू दोन दिवस सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस, बाळ झोपलंय, तोंडातून शब्द काढायचा नाही. मी टाटा केला त्यांना."

तिनं दार उघडलं. वायरमनचं बोट अजून बेलवर होतं. दुसऱ्या हातानं त्यानं दारावरचा कागद दाखवला. बाळ घरी आलं तेव्हा तिनंच तो चिकटवला होता: 'बाळ झोपलंय. कडी वाजवू नये. बेल हळू दाबावी.'

"लिहिलेलं वाचून वागतो, ताई," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात न वाचणारे फार दिवस राहत नाहीत. हळू दाबा म्हणालात, हळू दाबली. वाटलं, वाजतही हळूच असेल."

त्यानं बोर्ड खोलला, बॅटरीचा झोत आत टाकला, एकेक स्क्रू पिळून पाहिला. बोर्ड ठणठणीत होता. तो झाकण लावत असतानाच, मेन बंद असलेल्या त्या घरात, सगळ्यांच्या साक्षीनं आवाज झाला.

टिच्.

वायरमननं झोत हळूहळू वर नेला. बोर्डाच्या वरती भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा मधूनच चढायला जायचा आणि दमून मागे पडायचा. घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती. कुठल्या दिवसाची, कोण जाणे.

"सेल संपलाय," वायरमन म्हणाला.

सासूबाईंनी आधी घड्याळाकडे, मग सुनेच्या कानांकडे पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मान खाली घालून तीन खेपांबद्दल माफी मागितली.

"तपासणी म्हटलंय तर पुरी करून जातो," म्हणून वायरमन न्हाणीघरात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"बाळाला आंघोळ इथेच घालता?"

"मीच घालते, रोज," सासूबाई म्हणाल्या.

"गीझरची अर्थिंगची वायर कुठे जोडलेलीच नाही. मागे नुसती गुंडाळून ठेवलीय. आतली कॉइल ज्या दिवशी फुटली असती, त्या दिवशी नळाला हात..." थोरली ऐकतेय हे पाहून तो थांबला. "आता जोडतो."

सासूबाई स्टुलावर बसल्या. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटसुलट करून पाहिले. तिनं पाणी आणून दिलं, ते त्या प्यायल्या नाहीत, त्यांनी नुसतं धरून ठेवलं.

वायरमननं वायर जोडली, मेन चालू केला, दिवा लावून दोनदा खात्री केली आणि जाताना दारावरचा कागद नीट दाबून चिकटवला.

संध्याकाळी मुलगा घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच सासूबाई त्याला म्हणाल्या, "आम्हाला आवाज येत होता. तुला सांगितलं, तर तू ऐकलं नाहीस."

'आम्हाला' हा शब्द ऐकून तिनं भाजीखालचा गॅस उगाच बारीक केला.

मग थोरलीच्या बोलक्या बाहुलीतला सेल काढून तिनं घड्याळात घातला. काटा सरसर निघाला, आवाजाशिवाय. थोरली मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"आता ते टिच् करणार नाही?"

"नाही गं."

"मग आता काही बिघडलं, तर आपल्याला कोण सांगणार?"