चार कुंभार्लींचं बेट

"आठ दिवसांत अख्खं बेट! सायकलवर! आणि रोज दुपारी एकच्या आत मुक्कामाला!"

माधवनगरच्या चहाच्या टपरीवर दिग्विजयनं हे जाहीर केलं, तेव्हा टपरीवाल्याच्या हातातलं गाळणं हवेतच राहिलं.

दिग्विजयचं बोअरच्या पाइपांचं दुकान होतं. वय शेहेचाळीस. पण सायकलवर बसला की गडी पंचविशीचा व्हायचा! रोज सकाळी माधवनगर ते तासगाव आणि परत, वाऱ्यासारखा. रस्ता कसा, तर ताटासारखा सपाट. त्याच्या मुलखात चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल!

अशा माणसानं एका रविवारी मोबाइलवर कॉर्सिका बेट पाहिलं. भूमध्य समुद्रातलं. निळ्याशार पाण्यातून डोंगर सरळ आभाळात घुसलेले, माथ्यावर बर्फ, लाल कड्यांच्या पोटातून दोऱ्याएवढा रस्ता! दिग्विजयच्या तोंडाचा आ मिटेना. समोरच्या चहावर साय धरली.

"जायचं!" तो म्हणाला.

लगेच दुकानात आठ दिवसांचा तक्ता लागला. परदेशी वेबसाइटवरचे आकडे त्यानं स्वतःच्या हातानं उतरवले होते. सायकलीवरचा दोस्त प्रबुद्ध बँकेत अधिकारी. त्याची नजर आकड्यांवर आधी जायची.

"भावा, तिसऱ्या दिवशी चढ तेवीसशे? हे तेवीसशे काय?"

"फूट रं! विहीर फुटात, बोअर फुटात, भिंत फुटात. मग डोंगरच कशाला दुसऱ्या कशात मोजतील?"

"तरी लय वाटतंय गड्या."

"आरं, बेट हाय ते! कृष्णेतली बेटं बघितलीस न्हवं? चौफेर पाणी, मधी वाळू. असून असून किती चढ असणार?"

मोबाइलवरचे डोंगर त्या क्षणी त्याला सोयीस्करपणे आठवले नाहीत. प्रबुद्धनंही रजेचा अर्ज टाकला. आणखी तिघं तयार झाले.

दिग्विजयची बायको राजेश्वरी हायस्कूलवर पीटी शिकवायची. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"अहो, हे झेपेल ना तुम्हांला?"

"झेपंल का? तासगावला पोचतो तवा घाम सुदिक येत न्हाई मला!"

"मग मीही येते."

"ये की! माझी जुनी सायकल पडलीच हाय. तुझ्यासाठी मी हळू चालवीन."

राजेश्वरीनं जुन्या सायकलीत हवा भरायला घेतली.

इकडे बातमी गावात फिरली आणि फिरता फिरता फुगली. सहलीची स्पर्धा झाली, स्पर्धेची जागतिक स्पर्धा झाली! तरुण मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. मंदिरासमोर सत्कार झाला. दिग्विजय फेटा सावरत सांगत होता, "आवं, स्पर्धा न्हाई, सहल हाय!" लोक म्हणाले, "बघा, मानसाला गर्व न्हाई!" तिसरा हार पडेपर्यंत त्यालाही वाटायला लागलं, की असेलही स्पर्धा.

मग सासरवाडीचं बोलावणं आलं. सासरवाडी कोयनानगरला, कुंभार्ली घाटाजवळ. सासूबाई बनुबाईंनी जावयाला वरून खाली न्याहाळलं.

"जावईबापू, आमची राजी जाईल वो डोंगरात. तुमचं कसं?"

दिग्विजय नुसता हसला. मेहुणा शिवतेज फौजेतून रजेवर आला होता. तो म्हणाला, "दाजी, उद्या सकाळी कुंभार्ली मारूया. खाली कोकणात उतरायचं आन् पुना वर."

सकाळी चौघं निघाले. दिग्विजय, राजेश्वरी, शिवतेज आणि मुद्दाम बोलावलेला प्रबुद्ध. उतरताना काय मजा! कानात वारं शिरलं होतं! दिग्विजय वळणावळणावर ओरडत होता, "ह्याला घाट म्हंत्यात व्हय?"

पायथ्याला चहा घेऊन सायकली वळवल्या.

पहिलं वळण झोकात गेलं. दुसऱ्या वळणावर दिग्विजयचं बोलणं बंद झालं. तिसऱ्याला त्याच्या छातीत पिठाची गिरणी सुरू झाली. चौथ्या वळणावर प्रबुद्धनं एका टेंपोला हात केला.

"भावा, बँकेत मीटिंग हाय!"

"आरं, आज रविवार हाय!"

पण टेंपो गेला होता. वर, प्रबुद्धसकट!

अर्ध्या घाटात दिग्विजय कठड्यावर बसला. बसला कसला, सांडला! शिवतेज शेजारी उभा, गडी साधा धापतही नव्हता.

"दाजी, उठा. सगळा मिळून साडेपाचशे मीटर तर हाय!"

"मीटर? फुटात सांग रं."

"अठराशे फूट धरा."

"मग माझा तेवीसशेचा दिवस..." दिग्विजयनं मोबाइलवर ती वेबसाइट काढली. शिवतेजनं स्क्रीन मोठा करून पाहिला.

"दाजी, हितं बारीक अक्षरात मीटर लिवलंय. फ्रान्सचं बेट हाय ते. तिथं फूट कुठला?"

"म्हंजी?"

"म्हंजी एका दिवसात चार कुंभार्ली. आन् आठी दिवस कमी-जास्त तसंच."

दिग्विजयच्या डोळ्यांपुढं ते पाण्यातून उठलेले डोंगर एकदम खरे उभे राहिले. केवढे! केवढे अवाढव्य! आणि आपण त्यांना फुटपट्टी लावायला निघालो होतो!

तेवढ्यात घंटी वाजली. वरून राजेश्वरी उतरत होती. जुन्या सायकलवर, पदर खोचून, पाणी पीत.

"वर कशी गेलीस तू?" दिग्विजय उडालाच.

"जाऊन आले. अर्धा तास वाट बघितली. तुम्ही दिसेनात, म्हणून खाली आले."

"तुला म्हाईत हुतं, ते मीटर हाईत म्हणून?"

"अहो, मुलींच्या शर्यती मीटरातच घेते की मी! मला वाटलं तुम्हांलाही माहीत असणार. म्हणून तर तीन महिने तुम्ही तासगावला गेलात की मी ही सायकल घेऊन दंडोबाच्या डोंगरावर जायची. शाळा साडेअकराची."

एवढं बोलून तिनं सायकल वळवली आणि पुन्हा वर निघाली. घाई नाही, दम नाही, एका लयीत. खाली कोकण निळ्या धुक्यात पसरलं होतं. दिग्विजय मान वर करून बघत राहिला. ती वरच्या वळणावर दिसली, मग त्याच्याही वरच्या, मग अगदी माथ्याशी ठिपक्याएवढी. वीस वर्षांच्या संसारात हे माणूस त्यानं एवढ्या लांबून कधी पाहिलंच नव्हतं.

उरलेला घाट त्यानं सायकल ढकलत पार केला.

माधवनगरला आल्यावर त्यानं टपरीवर खरं ते सांगून टाकलं. "गड्यांनो, फूट न्हाई, मीटर हाईत." त्याच संध्याकाळी प्रबुद्धची मीटिंग पुन्हा निघाली, एकाचा गुडघा धरला, एकाची ऊसतोड आली, एकाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. राहिले नवरा-बायको.

"रद्द करूया का गं?"

"रद्द कशाला? मी रोजचे चारही घाट चढते. तुम्हांला जमेल तेवढे तुम्ही चढा. उरलेल्यात बसनं या."

दिग्विजयनंही दंडोबा धरला. दीड महिन्यात एक घाट न थांबता जमायला लागला. मग दोघं पुण्याला व्हिसाच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या मुलीनं कागद चाळले.

"दोघंही सायकलिंग?"

"व्हय तर!" दिग्विजयनं छाती पुढं काढली. "दिवसाला चार घाट हाईत. ही चारी चढणार. मी पहिला."

"आणि उरलेल्या तीन घाटांत तुम्ही काय करणार?"

"हिच्याकडं बघत बसणार!" तो मनापासून म्हणाला.

मुलीनं मान डोलावली आणि टाइप करून दोन कागद सहीला पुढं सरकवले. राजेश्वरीच्या कागदावर प्रवासाचं कारण होतं 'सायकलिंग'. आणि दिग्विजयच्या कागदावर 'प्रेक्षणीय स्थळे पाहणे'!

त्यानं मुकाट सही केली. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.