बेट क्रमांक सतराची एकदिवसीय सहल

बिदर जिल्ह्यातील औराद येथील सरकारी शाळेच्या शिक्षकवर्गाने सूर्योदयाच्या हजेरीनंतर निघून दक्षिण समुद्रातील एका निर्मनुष्य, घनदाट अरण्याच्या बेटावर जावे आणि सूर्यास्ताच्या हजेरीपूर्वी परत यावे, असा हुकूम १९५३ सालच्या जानेवारीत आला. हुकुमात चूक काहीच नव्हती. निजामशाही जाऊन आलेल्या नव्या राज्यात सर्व तालुके समान होते. डोंगराजवळच्यांनीच डोंगर पाहावा आणि नदीकाठच्यांनीच नदी, हा जुना अन्याय संपवण्यासाठी सहलीची स्थळे हैदराबादेत चिठ्ठ्या टाकून वाटली गेली होती. बिदरच्या एका शाळेच्या नशिबी बिदरचाच किल्ला आला. ती शाळा वर्षभर तोंड पाडून होती. औरादला बेट क्रमांक सतरा आले.

भूगोलाचे तरुण शिक्षक जयतीर्थ यांनी तो हुकूम तीनदा वाचला. तीन वर्षे ते फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढीत आले होते. प्रत्यक्षात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे मांजरा, तीही उन्हाळ्यातली. चारचौघांत बोलताना त्यांची जीभ अडखळे. समुद्र एकदा पाहावा, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती, आणि ती इतकी जपून की भरती-ओहोटी शिकवताना त्यांचा आवाज उगाच हळवा होई.

त्यांनी नम्रपणे लिहून कळवले की बस, आगगाडी आणि आगबोट धरून बेटावर पोहोचायलाच पाच दिवस लागतात. उत्तर तातडीने, म्हणजे दोन महिन्यांनी आले: ‘सहल एकदिवसीय आहे. अंतर हा या फाइलचा विषय नाही.’

हेडमास्तर गुंडेरावांनी मग नियोजन समिती नेमली. शाळा-समितीचे अध्यक्ष, धान्याचे व्यापारी चन्नबसप्पा यांनी पहिलाच प्रश्न मुळाशी नेला.

“मास्तर, तिकडं जवारीची भाकर मिळतीय का न्हाई?”

“बेटावर माणूसच नाही, अप्पा,” जयतीर्थ पुटपुटले.

“मंग भाकरी कोण थापायलंय?”

सर्वांनी मालतीबाईंकडे पाहिले. शाळेतल्या त्या एकट्या शिक्षिका.

“माझ्याकडं कामून बघायलाव? मी गणित शिकवते. पाच दिवस जायचं, पाच दिवस यायचं, अन् सहल एका दिवसाची. एवढं कुणीतरी मला फळ्यावर मांडून दाखवा, मग भाकरीचं बघू.”

“बाई, हुकमाला गणित लावू नये,” गुंडेराव गंभीरपणे म्हणाले.

बेटावर अरण्य असल्याने जंगल खात्याचा परवाना मागवला. खात्याने विचारले, तेथे झाडे किती? झाडे मोजायची तर बेटावर जायला हवे, आणि परवान्याविना बेटावर जाता येत नव्हते. या पत्रव्यवहारात पावसाळा गेला. अखेर वरून सूचना आली की तूर्त सहलीची रंगीत तालीम करावी. ती पाहून तपासनीस साहेब पुढचा निर्णय घेतील. त्या निर्णयावर जयतीर्थांनी सगळी आशा ठेवली.

शिपाई भीमण्णाने शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाभोवती पांढऱ्या फक्कीचे मोठे वर्तुळ आखले. आत बेट, बाहेर समुद्र. झाडाखाली कुणाच्या तरी दोन शेळ्या बसल्या होत्या; अरण्यास जनावरे आवश्यक म्हणून त्या तशाच राहू दिल्या. सूर्योदयानंतर साहेब आले.

“हे काय आहे?”

“समुद्र, साहेब,” गुंडेराव म्हणाले.

साहेबांनी चटकन पाय मागे घेतला. मग भीमण्णा आणि दोन शिक्षकांनी त्यांना वर्गातल्या बाकावर बसवून, बाक उचलून, अलगद पलीकडे उतरवले. साहेबांनी बेटावर भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, झाडे मोजली, ती एक भरली, आणि दुपारभर ते सावलीत घोरले. उन्हे कलताच त्याच बाकावरून किनाऱ्यावर येऊन त्यांनी समाधानाने शेरा लिहिला: सहल पार पडली.

जयतीर्थ पुढे झाले. आयुष्यात प्रथमच ते वरिष्ठांसमोर आपणहून बोलले.

“साहेब, ही तालीम होती. आम्ही अजून गेलोच नाही.”

“मास्तर, दिवसभर तुम्ही कुठं बसला होता?”

“कडुलिंबाखाली.”

“आणि कडुलिंब कुठं होता?”

जयतीर्थांनी फक्कीच्या रेषेकडे पाहिले. “बेटावर.”

“मग तसा अहवाल लिहा. चांगला लिहा. वरची मंडळी खूश झाली तर पुढच्या वर्षी कुठंही पाठवतील.”

त्या एका वाक्यावर जयतीर्थ लिहायला बसले. लाटा पायांशी येतात, काही सांगू पाहतात आणि न सांगताच मागे फिरतात. सांज होते तेव्हा पाणी आधी काळे होत नाही, आधी ते एकटे होते. न पाहिलेला सगळा समुद्र चार पानांत उतरला. नियमाप्रमाणे कडुलिंब आणि दोन शेळ्याही नमूद केल्या.

मालतीबाईंनी अहवाल वाचून डोळ्यांना पदर लावला. “सर, कुणाला न सांगता खरंच जाऊन आलाव की काय?”

जयतीर्थ खाली मान घालून सही करीत होते.

पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज केला: प्रत्यक्ष बेटावर पाठवावे. उत्तर या वेळी खरोखरच तातडीने आले. ‘अर्जदाराने सदर बेट पाहिल्याचे त्याच्याच अहवालावरून सिद्ध होते. इतक्या बारकाईने पाहिलेले स्थळ पुन्हा पाहण्याचे प्रयोजन दिसत नाही. अर्ज नामंजूर.’ जयतीर्थांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवले आणि वर्गात जाऊन निळा खडू उचलला.

अहवाल मात्र फार पुढे गेला. तो भूगोलाच्या पुस्तकात धडा म्हणून छापला गेला, आणि समुद्रातील बेटावर कडुलिंब व शेळ्या आढळतात, हे पाठ करून पिढ्या उत्तीर्ण झाल्या. वाचकहो, आपणही त्यातच आहात. शंका असेल तर कालचीच आठवण काढा: कचेरीत, संस्थेत, नाही तर मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, ‘समक्ष पाहिले’ या शब्दांखाली आपण सही केलीत, तेव्हा आपण नेमके कुठे बसला होता?