नदीच्या वाटणीसमयी लॅपटॉप पुनःपुन्हा मिटला, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणारास उसंत आणि ऐकणारास धीर लाभो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाखमासी एका राज्यात वर्तमान ऐसे वर्तले की, राज्यातून नदी वाहे, आणि तिचे पाणी पुढे खालील राज्यास जाई, आणि उभयतांत पाण्याच्या वाटणीचा कलह बहुत काळ चालिला होता. म्हणोन महाराजांनी दफ्तरदार मैनाबाई रेठरेकर यांस नदीची मोजणी सांगितली. बाई शहाण्या, करारी. त्यांनी उन्हातान्हात ओढेनाले पायी हिंडोन नकाशा सिद्ध केला आणि सरकारी लॅपटॉपात ठेविला. नकाशा ऐसा अवजड की राज्यातील दुसऱ्या यंत्रास उघडेना. सबब लॅपटॉपाचा मान थोर, आणि त्यास दरबारी मखमली गादी दिली होती.

मग खालील राज्याचे वकील रखमाजीराव बोलणीस आले आणि सभा भरली. बाईंनी नकाशा उघडिला, उगम दिसला, आणि लॅपटॉप आपण होऊन मिटला आणि आपण होऊनच पुन्हा चालू जाहला. पुन्हा उघडिला, पुन्हा तेच. वकील मिशीत हसोन बोलिले, "बाई, आपली नदी उगमापाशीच आटते की! मग वाटणी कशाची करणे?" सभेत हशा पिकला. परंतु बाई डगमगल्या नाहीत.

कारभारी त्रिंबकपंत पुढे सरसावोन म्हणाले, "महाराज, यंत्रात व्हायरस शिरला. आतील सर्व पुसोन नव्याने मांडावे, दुजा इलाज नाही." महाराज आज्ञा देणार, तोच बाई आडव्या आल्या. "महाराज, माणूस घेरी येऊन पडला तर आधी नाडी पाहावी, की त्याचे घर जाळावे? मोजणी आत आहे. प्रहरभर अवकाश द्यावा."

"आणि प्रहरात न उमगले तर?"

"तर पंतांनी खुशाल पुसावे, आणि माझी दफ्तरदारीही काढोन घ्यावी."

मग बाईंनी प्रथम नकाशाची नक्कल पेनड्राइव्हवर उतरू घातली, ती अर्धी होते न होते तो लॅपटॉप मिटला. चार्जर बदलिला, फरक नाही. नुसत्या बॅटरीवर चालविला, फरक नाही. व्हायरसची झडती घेतली, काही निघाले नाही. पंत म्हणाले, "बाई, हट्ट सोडावा." बाई लॅपटॉप निरखीत बसल्या, आणि पाहता ध्यानी आले की रिकामा असता लॅपटॉप स्वस्थ चालतो, आणि नकाशाचा भार पडताच मिटतो. त्यांनी खाली हात घातला, तो तव्यासारखा चटका बसला. कान लाविला, तो आतील पंखा कण्हत होता.

बाई हसोन म्हणाल्या, "पंत, यास रोग नाही, याचा दम कोंडला आहे. फार तापला की जळू नये म्हणोन आपणच मिटतो."

मग त्यांनी लॅपटॉप बंद करोन निवू दिला, उलथा करोन मागील झाकण खोलिले, बॅटरीचा जोड सोडविला, आणि पाहतात तो गादीच्या मखमलीची लव आणि कापूस पंख्यात गच्च दाटला होता. "आपण मान म्हणोन गादी दिली, महाराज, आणि गादीने याचे नाक दाबिले." ऐसे बोलोन पंखा बोटाने धरोन मऊ कुंचल्याने सर्व झाडिले, झाकण लाविले, आणि लॅपटॉप लाकडी पाटावर उंच ठेविला, जेणेकरोन खालोन वारा खेळावा. नकाशा उघडिला, तो उघडाच राहिला. बाईंनी आधी पुरती नक्कल उतरोन घेतली आणि मगच सभेस बोलाविले.

आता नदी उगमापासोन सरहद्दीपर्यंत सलग दिसली, आणि तीत हेही स्वच्छ दिसले की महाराजांच्याच कालव्याने हक्काहून अधिक पाणी ओढिले आहे आणि खालील गावे कोरडी आहेत. महाराजांनी नकाशा पूर्वी पाहिला नव्हता. वकिलांचे हसू मावळोन डोळे भरले.  महाराज वाकोन बाईंच्या कानी लागले, "बाई, हा आता जरा मिटता, तर बरे होते."

बाई म्हणाल्या, "आता तो मिटणार नाही, महाराज."

तेव्हा महाराजांनी कालव्याचे दार निम्मे बंद करण्याचा हुकूम केला. येणेप्रमाणे पाणी खाली पोहोचले, कलह सरला, आणि मैनाबाईंची दफ्तरदारी पंतांच्या नाकावर टिच्चून कायम राहिली. हकीकत संपूर्ण.