भिवाआबांचा गोवा

माझ्या नणंदेनं गोव्याहून आणलेलं नवंकोरं पोस्टकार्ड भिवाआबांनी उलटंसुलटं करून बघितलं, दाराच्या उजेडात धरलं, त्याचा वास घेतला आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

"नामंजूर."

"अहो आबा, मुद्दाम तुमच्यासाठी मागवलं. केवढा छान समुद्र आहे बघा!"

"समुद्र झकास हाय. माणसं लई हायत."

मी कार्ड नीट पाहिलं. वाळूवर रंगीत छत्र्या होत्या आणि छत्र्यांखाली गोरीगोमटी मंडळी पसरली होती.

"आबा, गोव्यात माणसं असणारच की!"

"असू द्या. माझ्या गोव्यात नगं."

एवढं बोलून त्यांनी काठी उचलली, अंगणातल्या मेंढरांना हाळी दिली आणि चालू लागले. खास आणलेली वस्तू नाकारल्याबद्दल चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नाही. न्यायाधीशाला असतो का कधी?

आमचं गाव शिरूर कासारच्या पुढे, आडरानात. गावातल्या छोट्या डाकघराची मी पोस्टमास्तर. डाकघर म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक वजनकाटा, शिक्के आणि भिंतीवर बचत योजनेचा कागद. भिवाआबा गावातले मेंढपाळ. उंच, वाळकुडे, डोक्याला मूळ रंग हरवलेलं पागोटं. मेंढरं रानात नेताना आणि परत आणताना माझ्या दारात थांबायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"पोष्टबाई, माझा गोवा आला का?"

गावातल्या बाकी लोकांना बँकेच्या नोटिसा यायच्या, कोर्टाचे कागद यायचे. भिवाआबांना गोवा यायचा.

त्यांना गोव्याची जुनी, चित्रांची पोस्टकार्डं जमवायचा नाद होता. कडा पिवळ्या पडलेली, रंग हातानं भरल्यासारखी दिसणारी. नवी नकोत. चित्रात ऊन हवं. एकदा एक कार्ड आलं, त्यात समुद्रावर काळे ढग दाटलेले होते. मला ते फार आवडलं. आबांनी ते दोन बोटांत धरून परत केलं.

"ढग आपल्याला हितं बी फुकट दिसत्यात. पडत न्हाईत."

होडी असली तरी चालायची, पण रिकामी. देऊळ, चर्च, जुना किल्ला, सगळं मंजूर, मात्र पायरीवर कुणी उभं नको.

या सगळ्याची सुरुवात बीडला झाली. आबा कोर्टाच्या एका तारखेला साक्ष द्यायला गेले होते. साक्ष झाली नाही, परतीची एस.टी. सुटून गेली, म्हणून सावलीला ते स्टँडजवळच्या रद्दीच्या दुकानात शिरले. तिथं ढिगाऱ्यावर एक कार्ड पडलं होतं. निळं पाणी, पिवळी वाळू, एक वाकडा नारळ आणि नारळाखाली रिकामं बाकडं.

"पोष्टबाई, मी ऊन वळखलं," ते मला सांगायचे. "हे आपलंच ऊन. रत्तीभर फरक न्हाई. आपल्याकडं ह्या उन्हात माणूस सावली हुडकत फिरतो, आन तिकडं सावलीतली माणसं पैसं मोजून उन्हात येऊन पडत्यात. म्हंजी उन्हाचा काय बी गुन्हा न्हाई!"

उन्हाची अशी निर्दोष मुक्तता करून त्यांनी ते कार्ड घरी आणलं, आणि पुढे थांबलेच नाहीत. रद्दीवाला लांबूनच त्यांचं पागोटं ओळखायला लागला. पागोटं दिसलं की तो शटर खाली ओढायचा. आबा शटरसमोर फतकल मारून बसायचे.

"मेंढरामागं बसून बसून मला बसायची सवय हाय. त्याला न्हाई."

शेवटी रद्दीवालाच शटर वर करायचा आणि पोती उपसू द्यायचा.

बीडची रद्दी संपल्यावर आबांनी पुण्या-बेळगावच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांकडे मोर्चा वळवला. पत्रं ते सांगायचे, मी लिहायचे. एका दुकानदाराला त्यांनी माझ्या हातानं लिहिलं होतं, "मागच्या खेपेला आपण धाडलेल्या कार्डात डाव्या कोपऱ्यात एक इसम उभा आहे. तो कावून धाडला, याचा खुलासा व्हावा." दुकानदारही नमुनाच असावा. त्याचं उत्तर आलं, "सदर इसम छापतेवेळीच तिथे उभा होता. आमचा नाइलाज आहे."

आबांनी हा खुलासासुद्धा नामंजूर केला.

गाव त्यांना येडा म्हणायचं. मीही मनातल्या मनात हसायचे. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, असं म्हणून मी तो विषय माझ्यापुरता संपवला होता.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर भरतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरंबाळं वर चढतात आणि मागं उरतात ती कुलपं आणि म्हातारी माणसं. त्या वर्षी असंच गाव मोकळं झालं होतं. एका दुपारी आबांचं पाकीट आलं आणि आबा फिरकले नाहीत, म्हणून मीच ते घेऊन निघाले.

मारुतीच्या पारावर गावातली उरलेली सगळी म्हातारी मंडळी जमली होती. आबा मधोमध उभे होते, काठी बगलेत, हातात कार्डांचा गठ्ठा. एस.टी.च्या कंडक्टरसारखे ते एकेकाला कार्ड वाटत होते.

"चला, बसून घ्या. कुनी कुठं बसायचं ते आधीच सांगा, मागनं तकरार नगं."

"मी बाकड्यावर," पारूबाई म्हणाली.

"काल बी तूच बाकड्यावर व्हतीस!" शेजारची गंगूबाई तडकली.

"माझं गुडघं दुखत्यात. मी काय खडकावर चढू व्हय?"

सखारामबापूंना नारळाचं झाड मिळालं होतं. ते कार्ड छातीवर ठेवून, पाराला टेकून डोळे मिटून बसले. आबांनी त्यांना काठीनं हलकेच ढोसलं.

"बापू, वाईच सरका. नारळ पडंल डोस्क्यात."

आणि बापू खरोखरच सरकले.

"लिंबागणेशच्या जत्रंपरीस हे बरं हाय," गंगूबाई कार्डाकडे बघत म्हणाली. "कुनाचा धक्का न्हाई, बुक्का न्हाई."

मी तिथं पाकीट हातात घेऊन उभी राहिले. आबांनी मला पाहिलं आणि जवळ आले.

"आता कळलं का, मानसं कावून नगं म्हनतो? आधीच कुनी बसलेलं असलं, तर आमच्या म्हाताऱ्यांनी कुठं बसायचं?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "दिसभर पोरांच्या दाराच्या कुलपाकडं बघत बसत्यात ह्ये. त्यापरीस समुद्राकडं बघितल्यालं काय वाईट?"

त्या दिवसानंतर मी त्यांच्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका राहू दिल्या नाहीत.

या सहलीत एकच प्रवासी समाधानी नव्हती. हौसाक्का. गावात सगळ्यांत वयस्कर. अख्खं गाव ज्यांना आबा म्हणायचं त्यांना ती एकटीच भिवा म्हणायची, तेही अरे-तुरे करून. उभी हयात तिनं उसाच्या फडात काढली होती. टाचांना बोट जाईल अशा भेगा होत्या. आबा तिला रोज नवं कार्ड द्यायचे आणि ती रोज परत करायची.

"भिवा, ह्यात पाणी लांब हाय."

"अगं, चालत जा की जरा."

"लई चालले आजवर. मला बसल्या जागी पाय बुडवायचेत. तसलं दे."

आबांनी गठ्ठा चाळला. बाकडं होतं, खडक होता, पायऱ्या होत्या, पण पाणी सगळीकडे लांबच. फोटो काढणारे सगळे कोरड्यात उभे राहिलेले.

"आणतो," आबा म्हणाले.

"आण. मी थांबते."

झालं. त्या दिवसापासून भिवाआबांचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. दुकानदारांना पत्रं गेली: पाणी जवळ असलेलं धाडा, पाय बुडतील एवढं जवळ. कार्डं आली. एकात पाणी जवळ होतं तर ढग होते. एकात जाळी टाकणारे कोळी होते. एकात तर समुद्र नव्हताच, नदी होती. आबांनी ती चाखून बघितल्यासारखी ओळखली. "हे गोडं पाणी हाय. नामंजूर."

संक्रांतीनंतर हौसाक्का ओट्यावरून घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. पोरं फडावरून फोन करायची, रडायची, पण हंगाम अर्ध्यावर टाकून येणं त्यांच्या हातात नव्हतं. शेजारणी पाळीपाळीनं तिचं करत होत्या. सहल तिच्या दारात भरायला लागली. हौसाक्का खाटेवरून बघायची आणि काही मागायची नाही. तिचं ते न मागणंच आबांना सोसेना.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. धोतर धुतलेलं, हातात कापडी पिशवी, मागं सगळी मेंढरं.

"ही तुमच्याकडं ठिवा."

"मेंढरं? आणि तुम्ही कुठं निघालात?"

"गोव्याला."

"कार्ड आणायला?"

"मग काय समुद्र आणायला?"

पुढचे दिवस आमच्या डाकघरात मेंढरांचंच राज्य होतं. एका मेंढीनं बचत योजनेचा कागद खाऊन टाकला. दुसरी वजनकाट्यावर चढायला बघायची. शेवटी सखारामबापू काठी घेऊन आले आणि म्हणाले, "आन इकडं. मला काय कामधंदा हाय?" दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत आणखी दोघं निघाले. पाराला टेकून झोपणारे बापू मेंढरांमागं टेकडी चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

आबा परतले तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. एस.टी. बदलत बदलत, स्टँडवर झोपून त्यांनी प्रवास केला होता. तिकडं दुकानादुकानांत जाऊन विचारलं. सगळे नवी, चकचकीत कार्डं दाखवायचे. हे मान हलवायचे. शेवटी कुणीतरी एका जुन्या फोटो स्टुडिओत पाठवलं. तिथं एक म्हातारी बाई होती.

"ती तिच्या कोकणीत बोलायची, मी माझ्या बोलीत. तिला काय उमगंना, मला काय उमगंना. मग मी खाली बसलो, वहाणेतनं पाय काढला आन पाण्यात बुडवल्यासारखं करून दावलं. तशी हसली. आत गेली आन खोकं घिऊन आली."

सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी कार्ड काढलं. पाणी अगदी कडेपर्यंत आलेलं, फेसासकट. ऊन लख्ख. आणि वाळूवर, पाण्यात पाय सोडून, पाठमोरी बसलेली एक कासोट्याचं लुगडं नेसलेली बाई.

"आबा," मी म्हणाले, "यात माणूस आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

त्यांनी कार्ड पुसलं, खरं तर पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "आख्ख्या खोक्यात एवढंच व्हतं. चला तुमी बी. ती न्हाई म्हनली तर मला एकट्याला सोसायचं न्हाई."

आम्ही हौसाक्काच्या घरी गेलो. ती जागी होती. आबांनी कार्ड तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं.

"ही कोण बसलीय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"तूच हायस की अक्का," आबा म्हणाले. "पाठमोरी."

हौसाक्कानं पुन्हा निरखून पाहिलं.

"मी येवढी जाड न्हाई."

"तवा व्हतीस."

ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी, कारण शेजारची पारूबाई चुलीपुढून उठून दारात आली. हौसाक्कानं चित्रातल्या पाण्यावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "भिवा, पाणी कसं हाय रं तिथलं? गार का ऊन?"

"मला न्हाई ठावं."

"म्हंजी? तू गेलतास नव्हं?"

"गेलतो. समुद्र दिसला, एस.टी.तनं. स्टुडिओच्या मागंच व्हता."

"मग पाय बुडवलं न्हाईस?"

"न्हाई."

"कावून?"

भिवाआबांनी पागोटं काढून हातात धरलं. ते पागोट्याशिवाय एवढे म्हातारे दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"एकल्यानं बुडवून काय करू?" ते म्हणाले. "गार हाय का ऊन, ते सांगायला तरी कुनी पाहिजे शेजारी."

बाहेर त्यांची मेंढरं ओरडत होती. हौसाक्कानं दोन्ही हात टेकले, दुखणारी कंबर कण्हत कण्हत भिंतीकडे सरकवली आणि खाटेवर जागा केली.

"ये. बस हितं."

इतके दिवस सगळ्यांना जागा वाटून देणारे आबा स्वतः त्या सहलीत कधी बसलेले मी पाहिले नव्हते. ते घुटमळले. मग त्यांनी वहाणा काढून उंबऱ्याशी ठेवल्या आणि खाटेच्या कडेला बसले, पाय खाली सोडून. हौसाक्कानं कार्ड दोघांच्या मधोमध धरलं.

"गार हाय," ती म्हणाली.

आबांनी जमिनीवर पायाची बोटं हलवली.

"हाय," ते म्हणाले. "लई गार हाय."